घराचा अ‍ॅडमिन

घरबसल्या हुकूम सोडायचा आणि दूरवरचं यंत्र सुरू व्हायचं, ही चैन महाराष्ट्रात फ्लॅटवाल्यांच्या आधी शेतकऱ्यांनी केली. खरं तर त्यांच्यासाठी ती चैन नव्हतीच. शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रपाळी लागली की बारा-एकला उठायचं, बॅटरी आणि काठी घ्यायची, बांधाबांधाने विहीर गाठायची. लाइट असली तर मोटर चालू करायची, नसली तर तिची वाट बघत तिथेच उकिडवं बसायचं. वाटेत साप-विंचू, आणि जुन्नर-आंबेगावकडे उसात बिबट्या. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांची अशी पायपीट पाहिली होती. त्यातून त्यांनी ‘नॅनो गणेश’ तयार केलं. हे यंत्र मोटरच्या स्टार्टरला जोडायचं, त्याला सिमकार्ड द्यायचं आणि घरून फोन लावायचा. लाइट आहे की नाही ते फोनवर कळतं. ठरलेलं बटण दाबलं की मोटर चालू, दुसरं दाबलं की बंद. २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत या यंत्राला पारितोषिक मिळालं. अ‍ॅमेझॉनचा बोलका स्पीकर भारतात यायला तेव्हा अजून आठ वर्षं होती.

आज तालुक्याच्या कुठल्याही मोटर वायंडिंगच्या दुकानात ‘मोबाईल स्टार्टर’ मागा, चार कंपन्यांचे डबे समोर ठेवतात. या डब्यांमध्ये मला भावते ती त्यांची सरळ नाती. सिम ज्याचं, मोटर त्याची. मधे तिसरं कुणी नाही. बटणांचा साधा फोन पुरतो आणि गावाला रेंज असली की काम भागतं.

विहिरीवर या हुशारीची दुसरी बाजूही दिसते. मोबाईल स्टार्टरचा एक भाऊ आहे, ऑटोस्विच. त्याला फोनही लागत नाही. वीज आली की तो आपोआप मोटर चालू करतो. एका शेतकऱ्याच्या दृष्टीने यात काहीच वावगं नाही. पण एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, वीस-पंचवीस पंप असतात. वीज येते त्या क्षणी सगळे ऑटोस्विच एकदम जागे होतात, प्रत्येक मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि डीपी जळते. मग आठ-दहा दिवस कुणाच्याच विहिरीवरून पाणी नाही. महावितरण दर हंगामात आवाहन करतं, ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा. शेतकरी ऐकतात आणि ऑटोस्विच तसाच ठेवतात, कारण आपण एकट्याने काढला तर पाणी शेजारी नेणार. प्रत्येक यंत्र शहाणं आणि सगळी मिळून वेडी, हे शेतीपंपांना केव्हाच कळलंय. शहरातल्या घरांना ते आता कळू लागलं आहे.

*

शहरात ही उपकरणं शिरली ती फायबरच्या वायरीमागून. २०१९ नंतर इंटरनेट स्वस्तात घराघरात पोचलं आणि दिवाळीच्या भेटवस्तूंत काजूकतलीच्या डब्याशेजारी बोलके स्पीकर, रंग बदलणारे बल्ब दिसू लागले. कर्वेनगरातला एक वायरमन हे सगळं बसवतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्यातलं निम्मं काढूनही देतो. त्याचं मत ठाम आहे : “बल्ब स्मार्ट करू नका साहेब, बोर्ड करा.”

त्यामागे मराठी घराची एक जुनी खोड आहे. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायचं, हे आपल्या हाताला लहानपणापासून वळण. स्मार्ट बल्बला मात्र वीज चोवीस तास हवी. भिंतीवरचं बटण बंद झालं की तो नुसता बल्बही राहत नाही. मुलगा सोफ्यावरून फोनने दिवा लावायला जातो, तर अ‍ॅप म्हणतं ‘उपकरण ऑफलाइन’, कारण आजी जाता जाता बटण दाबून गेलेली असते. त्यात लाइट जाण्या-येण्याची भर. बरेचसे स्मार्ट बल्ब वीज परतली की डोळे किलकिले करत नाहीत, थेट पूर्ण प्रकाशाने पेटतात. पहाटे तीनला लाइट आली की अख्खं घर लग्नघर. अ‍ॅपमध्ये कुठेतरी खोल हे बदलायची सोय असते, पण ती शोधायला तीन वाजता उठलेल्या माणसाला कुठला उत्साह?

वायरमनची रीत वेगळी. एमसीबी पाडून तो स्विचबोर्डाची पट्टी उघडतो. आत वर्षानुवर्षांची धूळ, कोळ्याचं जाळं, लाल आणि काळ्या वायरींचा गुंता. टेस्टरने फेज बघतो, न्यूट्रल शोधतो. बोर्डावर प्लग असल्यामुळे आपल्याकडे न्यूट्रल बहुधा सापडतोच. मग काडेपेटीएवढं मॉड्यूल बटणांच्या मागे सरकवतो. खरी झटापट पट्टी परत बसवताना. जुन्या पेट्या उथळ; वायरी दाबाव्या तर तुटतील, न दाबाव्या तर पट्टी बसत नाही. शेवटी अंगठ्याने रेटा देऊन तो स्क्रू आवळतो आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईंना सांगतो, “काकू, तुमचं बटण आहे तिथेच आहे. तुम्ही हातानं लावा, दादा फोनवरून लावतील. भांडण नाही.”

जी उपकरणं टिकतात ती याच जातीची. गिझरला लावायचा १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग हे एक. दोन किलोवॅटचा गिझर रोज विसरून तासभर जास्त चालायचा, तो आता सहाला सुरू होतो आणि साडेसहाला बंद. दुसरा बीएलडीसी पंखा. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, हा तिसाच्या आसपास. त्याच्या अ‍ॅपकडे कुणी ढुंकून बघत नाही; लोकांनी तो बिलासाठी घेतला आणि रिमोटसाठी ठेवला. बोलका स्पीकर मात्र बहुतेक घरी हरिपाठ, विष्णुसहस्रनाम आणि कुकरच्या टायमरपुरता उरतो. गूगलचा सहायक २०१८ पासून फोनवर मराठी समजू लागला, अलेक्साला २०१९ मध्ये हिंदी आली. म्हणून घरातल्या सर्वांशी मराठीत बोलणारी आजी या एका डब्याशी हिंदीत बोलते, रिक्षावाल्याशी बोलावं तशी. तो डबा दोनेक वॅटवर सतत कान देऊन असतो, म्हणजे वर्षाला १७-१८ युनिटं निव्वळ ऐकण्याची.

*

वीज आणि वायरींचं हे सगळं निभावून जातं. नात्यांचं जड जातं.

एकेकाळी घराची सत्ता सासूच्या कमरेला लटकायची. कोठीची, कपाटाची, तिजोरीची किल्ली त्या जुडग्यात. जुडगा सुनेच्या हाती गेला म्हणजे राज्य बदललं, हे वेगळं जाहीर करावं लागत नसे. आता तो जुडगा अ‍ॅपमध्ये गेला आहे. प्रत्येक उपकरणाला एक मालक-खातं असतं, त्याला सगळे ‘अ‍ॅडमिन’ म्हणतात. बाकीचे नुसते सदस्य. अ‍ॅडमिन ठरवतो कोण काय बघणार, कोण काय चालू-बंद करणार, कुणाला काढून टाकायचं. आणि मध्यमवर्गीय मराठी घरात अ‍ॅडमिन म्हणजे बहुतेक वेळा तिथे न राहणारा माणूस.

कोथरूडमधलं एक जोडपं, दोघंही पंचाहत्तरीच्या पुढे, मुलगा डॅलसला. वडील बाथरूममध्ये घसरले, खुबा थोडक्यात वाचला. मुलाने पंधरा दिवसांत येऊन हॉलमध्ये कॅमेरा लावला, खातं आपल्या ईमेलवर उघडलं, आई-वडिलांच्या फोनवर ‘शेअर’ करून परत गेला. त्याची काळजी खोटी नव्हती. तिकडे रात्री झोपण्याआधी तो अ‍ॅप उघडायचा. इकडे सकाळ झालेली, वडील खुर्चीत पेपर वाचताना दिसले की त्याला झोप लागायची. खुर्ची रिकामी दिसली की तो शेजाऱ्यांना फोन लावायचा. वडील गच्चीत फिरायला गेलेले असायचे.

या कॅमेऱ्यांना आतून बोलायचीही सोय असते. एका सकाळी बाबांनी चहाचा दुसरा कप ओतून घेतला आणि टीव्हीच्या वरून आवाज आला, “बाबा, दुसरा कप? साखर घातलीत का?” बाईंनी मला हे हसत सांगितलं. गृहस्थ हसले नाहीत. “माझ्या घरात मी चोरून चहा पितो,” म्हणाले, “आता स्वयंपाकघरात उभ्याने.” दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यावर त्यांची माकडटोपी आली. मुलाला वाटलं उपकरण बिघडलं. त्याने ऑनलाइन तक्रार नोंदवली, दुरुस्तीला माणूस आला, त्याने टोपी काढली, पैसे घेतले नाहीत.

मला दोन्ही बाजू पटतात, म्हणूनच हा विषय सुटत नाही. आठ-नऊ हजार मैलांवर बसलेल्या मुलाने करावं तरी काय? जपानमध्ये झोजिरुशी कंपनीने यावर २००१ मध्येच एक तोडगा काढला होता. त्यांनी पाणी उकळायचं एक विजेचं भांडं आणलं, त्याला नेटवर्क जोडलेलं. म्हाताऱ्या आईने चहासाठी पाणी घेतलं की दूरच्या मुलाला संदेश जातो. चित्र नाही, आवाज नाही, साखरेची चौकशी नाही. आई उठली, चहा झाला, एवढंच कळतं. काळजीपोटी किती बघायचं याचं माप त्या यंत्रातच ठरवून दिलं आहे. आपल्याकडच्या कॅमेऱ्याला असं माप नसतं, ते घरच्यांना घालावं लागतं. कोथरूडच्या घराने तेच केलं. कॅमेरा हॉलमधून दाराबाहेरच्या पॅसेजकडे गेला, आणि मुलगा आता रोज रात्री फोन करतो. फोनवर साखरेचं विचारतोच, पण बाबांना तिथे खोटं बोलण्याची मुभा आहे.

जिला असं भांडताही येत नाही, अशी एक व्यक्ती याच घरांत रोज येते. स्वयंपाकाच्या आणि धुण्याभांड्याच्या बायकांशी बोललं तर कॅमेऱ्याबद्दल एकमत नाही. एक म्हणाली, असू दे की, उद्या अंगठी सापडली नाही तर माझ्यावर आळ तरी येणार नाही. दुसरीला राग आहे तो दुपारच्या दहा मिनिटांचा. काम आटपून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी भाकरी खायला बसते, तेव्हा समोर लाल दिवा असतो. “खाताना कुणी बघत असलं की घास उतरत नाही ताई.” तिला कुणी विचारलं नव्हतं, कॅमेरा आहे हे तिला दिव्यावरून कळलं. कायद्याकडे जावं तर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण व्यक्तीने स्वतःच्या वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला तो कायदा लागू होत नाही. घर मालकिणीचं, कॅमेरा मालकिणीचा, कारण घरगुती. भाकरी खाणारीचं नाव त्यात कुठेच येत नाही. तोंडाने सांगणं आणि ती जेवते तो कोपरा चौकटीबाहेर ठेवणं, एवढं मालकिणीच्या हातात आहे, आणि त्याला कायदा लागत नाही.

*

अ‍ॅडमिनच्याही वर एक अ‍ॅडमिन असतो, तो कंपनीच्या सर्व्हरवर बसतो. त्याची आठवण सणासुदीलाच व्हावी असा योग २०२५ च्या दिवाळीत आला. २० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी. अभ्यंगस्नान, फराळ उरकून लोक आडवे झालेले, दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला अमेरिकेत व्हर्जिनियातल्या अ‍ॅमेझॉनच्या डेटा सेंटरांत नावं आणि पत्ते जुळवणारी यंत्रणा बिघडली. जगभरातल्या असंख्य सेवा पडल्या. अलेक्सा गप्प झाली, रिंगच्या डोअरबेल आंधळ्या झाल्या. एट स्लीप नावाच्या कंपनीच्या महागड्या गाद्या आहेत, इंटरनेटवरून थंड-गरम होणाऱ्या. त्यांचं तापमान अडकून बसलं आणि रात्र असलेल्या देशांत माणसं घामाने जागी झाली. गादीला झोपवायला व्हर्जिनियाची परवानगी लागते, हे त्यांना तेव्हा कळलं. कंपनीने नंतर इंटरनेटविना गादी चालवायची सोय दिली. ती आधीच का नव्हती, हा प्रश्न गिऱ्हाइकांनी विकत घेताना विचारला नव्हता.

बिघाड तरी दुरुस्त होतो. कंपनीचं मन फिरलं तर इलाज नाही. रेव्हॉल्व्ह नावाचं ३०० डॉलरचं एक यंत्र होतं, घरातली सगळी उपकरणं एका सूत्रात ओवणारं. गूगलच्या नेस्टने ती कंपनी २०१४ मध्ये घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला. यंत्र धडधाकट, पण निर्जीव. इन्स्टिऑन या तशाच कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये एकाही सूचनेशिवाय बंद पडले; पुढे तिच्याच काही गिऱ्हाइकांनी कंपनी विकत घेऊन ते सुरू केले, पण असं भाग्य सर्वांच्या वाट्याला येत नाही. म्हणून घेण्याआधी दुकानदाराला एकच विचारावं : इंटरनेट काढून घेतलं तर हे किती चालेल? २०२२ च्या अखेरीला आलेलं ‘मॅटर’ हे मानक घरातल्या घरात, बाहेर न जाता उपकरणांना एकमेकांशी बोलू देतं. खोक्यावर त्याचं चिन्ह असतं. कर्वेनगरच्या वायरमनला मानकं माहीत नाहीत, तो बसवून झालं की राऊटरची वायर उपसतो आणि गिऱ्हाइकासमोर बटण दाबून दाखवतो.

आणि पासवर्ड बदलावा. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या विषाणूने जगभरातले कॅमेरे आणि राऊटर गुलाम केले ते कारखान्यातून आलेल्या साठेक पासवर्डांच्या यादीवर. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या फौजेने डाइन या कंपनीवर हल्ला करून ट्विटर, नेटफ्लिक्ससकट अर्ध्या अमेरिकेचं इंटरनेट पाडलं. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली. जुने कॅमेरे अर्थातच जिथल्या तिथे आहेत, सोसायटीच्या जिन्यात, ‘अ‍ॅडमिन’ आणि ‘१२३४५’ या पासवर्डांवर.

*

एक जोडलेलं उपकरण मात्र कुणी विकत न घेता प्रत्येक घरी येतंय : विजेचं मीटर. केंद्राच्या २०२१ च्या योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवायचे ठरले. महाराष्ट्रात आधी रिचार्ज, मग वीज, या कल्पनेवर मोर्चे निघाले, आणि जून २०२४ मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. मग आले टीओडी मीटर. बिल महिन्यालाच, पण आकडे आपोआप कंपनीकडे जातात, आणि किती वीज दिवसाच्या कोणत्या वेळी वापरली तेही जातं. १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर घरगुती ग्राहकाला युनिटमागे ८० पैशांची सवलत लागू झाली. मीटर ‘फास्ट पळतं’ ही तक्रार गल्लोगल्ली ऐकू येते. तिच्या गदारोळात सवलतीचा हिशेब कुणी मांडत नाही. वॉशिंग मशीन, घरघंटी, पाण्याची मोटर दुपारी चालवली तर फायदा आहे. नोकरीवर जाणाऱ्या घराला टायमरचा खरा उपयोग इथे आहे, रंग बदलणाऱ्या बल्बांत नाही.

याच मीटरची दुसरी गोष्ट मोर्चांतही कुणी बोललं नाही. अमेरिकेत एमआयटीच्या जॉर्ज हार्ट यांनी ऐंशीच्या दशकात दाखवलं होतं, की घरात येणाऱ्या विजेच्या चढउतारावरून आत कोणतं उपकरण कधी चालू झालं ते ओळखता येतं. फ्रिजची चाल वेगळी, गिझरची वेगळी. आणि १९८९ मध्ये त्यांनी स्वतःच इशाराही लिहिला, की यातून घरावर पाळत ठेवता येईल. आपलं मीटर इतकं बारीक मोजत नसलं, तरी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या आकड्यांतून घर कधी उठतं, कधी कुलूप लावून गावी जातं हे समजायला गणिताची पदवी लागत नाही. हे आकडे कुणी, किती दिवस ठेवायचे, कुणाला द्यायचे, हे ग्राहकाने विचारावं असा हा काळ आहे. मीटर फास्ट आहे का एवढंच विचारून भागणार नाही.

*

जुडगा कुणाकडे, हा प्रश्न सर्वांत रोखठोक पडतो तो घरात मृत्यू झाल्यावर. प्रभात रोडवरच्या एका घरी बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी हौसेने सगळं स्वतः बसवलं होतं. दाराचं कुलूप, कॅमेरा, गिझर, मीटरचं अ‍ॅप, सारं त्यांच्या मोबाईल नंबरवर. गेल्या वर्षी ते गेले. सोसायटीत नॉमिनेशन होतं, गावच्या जमिनीची वारसनोंद झाली, बँकेचे फॉर्म भरून झाले. त्या गडबडीत त्यांच्या सिमचा रिचार्ज संपला आणि नंबर बंद पडला. कॅमेऱ्याचं खातं उघडायला गेलं की ओटीपी त्याच नंबरवर. कंपनीच्या मदत केंद्राला मृत्यूचा दाखला कुठे जोडायचा ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या यादीत ‘पासवर्ड विसरलात?’ होतं, ‘मालक वारले’ नव्हतं.

अखेर वायरमन आला. कॅमेऱ्याच्या बुडाशी बारीक भोक असतं. त्याने त्यात सिमची पिन खुपसून दहा अंक मोजले, दिवा लुकलुकला, आधीचं सगळं पुसलं गेलं. “आता कुणाच्या नंबरवर घालू?” त्याने विचारलं. लंडनहून मुलगी व्हिडिओ कॉलवर होती, ती आपला नंबर सांगू लागली. बाईंनी तिला थांबवलं आणि स्वतःचा सांगितला. पुढचा तास त्यांनी वायरमनला बसवून घेतलं, कोण सदस्य, कोणाला काय दिसतं, बंद कसं करायचं, सगळं वहीत उतरवलं. मुलीला सदस्य म्हणून घेतलं.

आठवड्याभराने, लंडनच्या सकाळी, ऑफिसच्या वाटेवरून मुलीचा घाबरा फोन आला.

“आई, कॅमेरा ऑफलाइन दाखवतोय. लाइट गेली का?”

“नाही गं. एक ते चार बंद ठेवते मी तो. पुण्याच्या मुलीला हे सांगावं लागतं?”